वहीत मार्क न टाकता: सहावीच्या गणिताच्या प्रकल्प नोंदी

बीड जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा, इयत्ता सहावी, पट ३४. माझ्याकडे सहावी-सातवीचं गणित आणि विज्ञान. यंदा ठरवलेलं काम असं: सहावीच्या गणिताच्या वहीत मार्क, टक्के, श्रेणी काहीच टाकायचं नाही. फक्त शेरा लिहायचा, आणि त्या शेऱ्यावर मुलानं काहीतरी करून दाखवायचं. नोंदी टाचण वहीच्या (रोजचा पाठ कसा घ्यायचा ते लिहायची वही) मागच्या पानांवर ठेवल्या होत्या, त्या थोड्या सारख्या करून देतोय. कुणाला असंच करायचं असेल तर वेळ कुठे जातो आणि कुठे वाचतो ते आधी कळलेलं बरं.

२४ जून २०२४

मागच्या वर्षीच्या वह्या काही मुलांकडून मागवून चाळल्या. पानोपानी लाल शाई आहे: ‘छान’, ‘पाहिले’, ‘सुधारणा करा’, खाली सही आणि तारीख. ज्या उदाहरणाखाली ‘सुधारणा करा’ लिहिलंय, तीच चूक पुढच्या पानावर जशीच्या तशी, आणि तिथंही ‘सुधारणा करा’. काय सुधारायचं ते कुठेच नाही.

नियमांची अडचण आधी सोडवून घेतली. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आपल्याकडे २०१० पासून आहे. सहावीला आकारिकचे (वर्गात चालता चालता होणाऱ्या मूल्यमापनाचे) ५० आणि संकलितचे (सत्राअखेरच्या परीक्षेचे) ५० अशी विभागणी आहे, त्यामुळे आकारिकचे गुण लागणारच. ते नोंदवहीत ठेवायचे, वहीत उतरवायचे नाहीत. मुख्याध्यापकांना विचारलं तर म्हणाले, “नोंदवही पूर्ण असली म्हणजे झालं. वहीवर सही-तारीख मात्र दिसू द्या.”

मार्क आणि शेरा दोन्ही का नाही, असं शेजारच्या वर्गाच्या मॅडमनी विचारलं. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला प्रयोग १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसता शेरा मिळालेली मुलं पुढे सरकली. शेरा आणि गुण दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा तसा फायदा झाला नाही. नजर आकड्यावर गेली की शेरा वाचायचं कारणच उरत नाही. एवढं मला पुरेसं होतं. आपल्या वर्गात काय होतं ते बघू.

३ जुलै

पहिली फेरी. अपूर्णांकांची बेरीज, प्रत्येकी सहा उदाहरणं. ३४ वह्यांवर शेरे लिहायला दोन तासांच्या वर गेले. नुसत्या सह्या करायला अर्धा तास पुरायचा.

वह्या वाटल्यावर मुलांनी पान उलटून पाहिलं, मग मागचं पान, मग पुन्हा तेच पान. मार्क शोधत होती. “सर, किती पडले?” “सर, माझ्या वहीत टाकायचे राहिले.” शेवटी एकानं शेजाऱ्याच्या वहीतल्या बरोबरच्या खुणा मोजल्या आणि सहापैकी चार असं स्वतःच जाहीर केलं. पाच मिनिटांत वर्गाचे गुण, क्रमांक सगळं तयार. म्हणजे मी मार्क बंद केले तरी बरोबर-चूकच्या खुणा आहेत तोवर मार्क आहेतच.

बदल: खुणाही बंद. चुकलेल्या पायरीखाली फक्त एक बारीक टिंब, आणि शेरा उदाहरणांच्या खाली.

१० जुलै

हजेरी क्रमांक १४ ची वही. उदाहरण १/२ + १/३, तिचं उत्तर २/५. अंशात अंश, छेदात छेद. वर्गात निम्म्या जणांनी हेच केलं होतं. शेरा लिहिला होता: ‘छेद समान करा.’ आज दुरुस्ती बघायला वही उघडली, तर तिनं शेऱ्याच्या खाली अगदी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘छेद समान करा.’ त्याखाली पट्टीनं रेघ. शुद्धलेखनाचे चुकलेले शब्द आपण पुन्हा लिहायला लावतो ना, तसंच तिनं हे केलं. सांगितलेलं काम चोख झालं होतं.

शेऱ्यात काय कमी होतं ते त्या रेघेवरून कळलं. छेद समान करायचे हे तिनं वर्गात ऐकलेलंच आहे. आपलं उत्तर चुकलंय हे तिला दिसतच नाही, तर छेद कशासाठी समान करायचे? मग त्या सगळ्या वह्यांत शेरा बदलला: ‘अर्धी भाकरी घेतली, वर आणखी थोडी घेतली. तुझं उत्तर २/५ आलंय. २/५ हे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? चित्र काढून बघ.’

चित्रं आली. वेडीवाकडी, पाच भाग असमान, पण काढता काढता दोन-तीन जण थांबली. १४ नंबर म्हणाली, “सर, हे तर कमीच झालं की.” त्यानंतर ३/६ + २/६ फळ्यावर घेतलं तेव्हा ऐकायला कान होते.

तेव्हापासूनचा नियम: चूक काय ते शेऱ्यात सांगायचं नाही. चूक मुलाला स्वतःला दिसेल असा प्रश्न लिहायचा. असा प्रश्न सुचायला वेळ लागतो, पण एकाच चुकीला वर्गभर एकच प्रश्न चालतो. प्रत्येक वहीत नवं काही लिहावं लागत नाही.

१९ जुलै

शिक्क्याचा प्रयोग फसला. तालुक्याला रबरी शिक्का करून आणला होता, तीन चौकटींचा: जमलं, अडलं, पुढे काय. शिक्का, पॅड आणि शाई मिळून २२० रुपये. वेळ वाचेल असा हिशेब होता.

चौकटी लहान, माझं अक्षर मोठं. ‘पुढे काय’मध्ये ‘सराव कर’ एवढंच मावतं, म्हणजे फिरून ‘सुधारणा करा’वरच आलो. ‘जमलं’ची चौकट रिकामी ठेवणं वाईट दिसतं म्हणून काहीतरी भरायचं: ‘अक्षर छान’. गणिताच्या वहीत! एका मुलानं तीनही चौकटी स्केचपेननं रंगवून दिल्या. शिक्का कपाटात गेला. कुणाला हवा असेल तर घेऊन जा.

१ ऑगस्ट

शेरा वाचण्यासाठी तासिकेतच वेळ ठेवला. वह्या परत दिल्या की त्या तासिकेची पहिली दहा मिनिटं नवीन काही नाही, फळ्यावर काही नाही, फक्त शेऱ्याचं काम. आधी हे घरी करून आणायला सांगत होतो. आणणारी तीच ती सहा-सात मुलं, आणि त्यांना शेऱ्याची गरज सगळ्यात कमी.

दुरुस्ती वेगळ्या रंगात हवी म्हणून हिरवी पेनं आणली, पाच रुपयाला एक, १७० रुपये. मुख्याध्यापक हसले, “हिरवी शाई साहेबांची असते, सर.” ही गोष्ट वर्गात सांगितली आणि दुरुस्तीला एकदम मान आला. पेनाच्या झाकणावर हजेरी क्रमांक चिकटवले. तरी महिनाअखेर चार गेली.

२०२४-२५ च्या पाठ्यपुस्तकांत पाठांना जोडून वहीची कोरी पानं होती, ती दुरुस्तीला फार सोयीची पडली. मूळ उदाहरण वहीत, दुरुस्ती पुस्तकात त्याच पाठाशेजारी. परीक्षेआधी उजळणी करताना आपलीच चूक आणि आपलीच दुरुस्ती समोर.

दहा मिनिटांची किंमतही सांगतो. आठवड्यातून दोनदा म्हणजे वीस मिनिटं जातात. अपूर्णांकांचा पाठ नियोजनापेक्षा आठवडाभर मागे पडला.

१३ ऑगस्ट

दोन तासांची वही तपासणी रोज शक्य नाही हे एव्हाना पक्कं झालं. सातवीच्या वह्या तशाच पडून होत्या. म्हणून चिठ्ठ्या सुरू केल्या. तासिका संपायला पाच मिनिटं असताना फळ्यावर एकच उदाहरण. पाठकोऱ्या कागदाच्या तुकड्यावर हजेरी क्रमांक टाकून सोडवायचं आणि जाताना टेबलावर ठेवायचं. कागद कार्यालयातल्या जुन्या झेरॉक्सचे, खर्च शून्य.

मधल्या सुट्टीत चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करतो: जमलं, एका पायरीवर अडलं, सुरुवातच नाही. दहा मिनिटांत होतं. चिठ्ठीवर काहीच लिहायचं नाही. मधला गठ्ठा उलगडून चूक कोणती ते बघायचं आणि उद्याच्या तासिकेची सुरुवात त्यावरून ठरवायची. आजच्या मधल्या गठ्ठ्यात जवळजवळ सगळ्यांनी छेद बदलला, पण अंश तसाच ठेवला: १/२ चे १/६. एवढ्या जणांची एकच चूक असेल तर ती पोरांची नाही. टाचण काढून बघितलं. मी फळ्यावर घेतलेल्या तीनपैकी दोन उदाहरणांत छेद आधीपासूनच सारखे होते.

उदाहरणाची निवड इथे सगळं ठरवते. ‘समजलं का?’ या प्रश्नाला ३४ हात वर येतात, त्या हातांचा काही उपयोग नाही.

२८ ऑगस्ट

दशांश अपूर्णांक. ३.४ + २.५६. चिठ्ठ्यांवर सगळ्यात जास्त आलेलं उत्तर २.९०. दोन्ही संख्या उजवीकडून ओळीत लावल्या, चिन्हाकडे बघितलंच नाही. पूर्ण संख्यांची बेरीज उजवीकडून लावायची सवय दुसरीपासूनची आहे, ती इथे आड येते.

पैशांचं उदाहरण घेतलं, कारण सगळे तेच घेतात. ३ रुपये आणि २ रुपये मिळूनच ५ होतात, मग २.९० कसे? हे लगेच पटलं. दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठ्यांवर नवंच उत्तर आलं: ५.६०. हे कुठून आलं ते कळेना. हजेरी क्रमांक ७ ला बोलावून मोठ्यानं सोडवायला लावलं. तो म्हणाला, “३ रुपये ४ पैसे आणि २ रुपये ५६ पैसे.” ३.४ म्हणजे तीन रुपये चार पैसे! त्याच्या बाजूनं बेरीज अगदी बरोबर. पैशांनी एक चूक काढली आणि दुसरी आणून बसवली.

मग शंभर चौकटींचा कागद झेरॉक्स केला, ३४ प्रती, ६८ रुपये. ०.४ म्हणजे दहातले चार उभे पट्टे. ते रंगवले की ४० चौकटी होतात, चार नाही. ०.३५ मोठं की ०.५, हा वादही त्याच कागदावर मिटला, कारण ३५ हा आकडा ५ पेक्षा मोठा म्हणून बरीच मुलं ०.३५ ला मोठं म्हणत होती. पैशांचं उदाहरण पुढच्या वर्षी घ्यायचंच झालं तर ३.४० असं लिहून आणि तेही चौकटींच्या नंतर.

६ सप्टेंबर

महिन्याच्या सुरुवातीच्या पावसात दोन दिवस मुलंच आली नाहीत. त्यातच पोळा, आता गौरी-गणपती. नोंदण्यासारखी फक्त पालक सभा. एका मुलाच्या वडिलांनी विचारलं:

“गुरुजी, मार्क टाकीत नाहीत म्हणं तुम्ही. मग पोरगं हुशार हाय का ढ, हे आम्हाला कसं कळावं?” प्रश्न रास्त आहे. खासगी शाळेतल्या चुलतभावाच्या वहीत आकडा असतो आणि याच्या वहीत नाही, हे घरी बोललं जातं. आकारिक नोंदी दाखवल्या, त्यानं कुणाचं समाधान झालं नाही. मग त्या मुलालाच उभं केलं: ‘हिरव्या पेनानं केलेलं एक उदाहरण वडिलांना समजावून सांग.’ त्यानं सांगितलं. वडिलांनी मधेच एक प्रश्न विचारला तेव्हा तो अडला आणि परत मागच्या पायरीवर गेला. वडील म्हणाले, “बरं.” पटलं असं म्हणणार नाही, पण मार्कांचा विषय त्या दिवसापुरता थांबला. दोन पालकांनी मात्र महिन्याला एक आकडा द्याच असं सांगितलं. घटक चाचणीचे गुण कळवायचं कबूल केलं.

२० सप्टेंबर

जोडीनं एकमेकांच्या वह्या तपासणं. पहिले काही दिवस वाईट गेले. मैत्रिणींनी एकमेकींना ‘खूप छान’ लिहिलं, ज्यांचं पटत नाही त्यांनी वहीभर काटे मारले, आणि एका कच्च्या मुलाची वही वर्गात फिरली. ते लगेच थांबवलं.

पुन्हा सुरू केलं ते अटी घालून. तपासणाऱ्यानं एकच गोष्ट बघायची, जी फळ्यावर लिहिलेली असेल: ‘दशांश चिन्हं एकाखाली एक आहेत का?’ उत्तराबद्दल काही लिहायचं नाही. खाली आपला हजेरी क्रमांक टाकायचा. आणि जोड्या मी लावणार. आता बरं चाललंय. दुसऱ्याच्या वहीत चिन्ह शोधणारी मुलं आपल्या वहीत ते नीट लावायला लागली, हा फायदा धरलेला नव्हता.

स्वयंमूल्यमापनाचे लाल-पिवळे-हिरवे कागद (समजलं तर हिरवा, अडलं तर लाल दाखवायचा) मात्र कायमचे बंद केले. सर समोर असताना लाल कोण दाखवणार?

९ ऑक्टोबर

टाचणाबद्दल. आपण टाचण शिकवण्याआधी लिहितो, तपासणीला दाखवतो आणि मिटतो. जूनपासून प्रत्येक टाचणाखाली दोन ओळी रिकाम्या सोडतोय. तासिका झाल्यावर तिथं दोनच गोष्टी: कुठे अडलं, आणि उद्या काय बदलायचं. सुरुवातीला ‘मुलांचा प्रतिसाद चांगला’ असलं काहीतरी लिहीत होतो, ते वाचून पुढे काहीच करता येत नाही. आता चिठ्ठीवरची चूक जशीच्या तशी उतरवतो: ‘१/२ = १/६ (बरेच)’. पुढच्या वर्षी हा पाठ काढीन तेव्हा चूक कुठे येणार ते आधीच हातात असेल.

२४ ऑक्टोबर

पहिल्या सत्राची संकलित झाली. अपूर्णांक आणि दशांशाची सरळ उदाहरणं निम्म्याहून जास्त मुलांनी बिनचूक सोडवली. जुलैच्या घटक चाचणीत चित्र उलटं होतं. शाब्दिक उदाहरणांत काहीच फरक नाही. ती कोरी, किंवा दिसतील ते दोन आकडे घेऊन बेरीज.

२५ नोव्हेंबर

दिवाळी, मग निवडणुकीचं प्रशिक्षण, मग २० तारखेचं मतदान. शाळेतल्या बहुतेकांना ड्यूटी. गणिताला महिनाभर हात लागला नाही असं म्हटलं तरी चालेल.

त्यात पाच मुलांचे आई-वडील ऊसतोडीला गेले. दोघींची सोय गावातल्या हंगामी वसतिगृहात झाली, त्या येतात. बाकीचे त्यांच्याबरोबर गेले, ते मार्च-एप्रिलपर्यंत येणार नाहीत. त्यांच्या वह्यांतले शेरे तिथेच थांबले. एका मुलाच्या वडिलांकडे स्मार्टफोन आहे. आठवड्याला एक उदाहरण पाठवतो, तो कोपीवरून (ऊसतोड मजुरांची झोपडी) सोडवून फोटो पाठवतो. मी आवाजी निरोप पाठवतो, कारण लिहिलेलं त्याला त्या छोट्या पडद्यावर वाचता येत नाही. तीन आठवड्यांतून एकदा रेंज मिळाली तर हे होतं. याला उपाय म्हणणार नाही.

११ डिसेंबर

तपासणीला आलेल्या साहेबांनी सहावीच्या वह्या बघितल्या. “वह्या तपासलेल्या दिसत नाहीत.” लाल खुणा नाहीत, गुण नाहीत, मधेच हिरवी शाई. एक वही घेऊन शेरा आणि त्याखालची दुरुस्ती दाखवली. त्यांनी दोन्ही वाचलं, मान हलवली आणि शेरेबुकात लिहिलं: ‘वह्या नियमित तपासाव्यात.’ मुख्याध्यापकांनी मार्ग काढला: प्रत्येक दुरुस्तीखाली मीही सही-तारीख टाकायची. वहीमागे काही सेकंद जातात. टाकतोय.

८ जानेवारी २०२५

वर्णनात्मक नोंदींचं काम, म्हणजे प्रत्येक मुलाबद्दल नोंदवहीत शब्दांत लिहायचं. दरवर्षी यासाठी तयार नोंदींची यादी ग्रुपवर फिरते आणि आपण सगळे त्यातून उतरवतो. ‘गणिती क्रिया अचूक करतो’ हे मागच्या वर्षी माझ्याच नोंदवहीत अकरा मुलांच्या नावापुढे होतं, आणि त्यातल्या काहींना वजाबाकीत हातचा जमत नव्हता.

या वेळी यादी न उघडता टाचणातल्या ओळी आणि हिरवी पानं समोर घेऊन बसलो. हजेरी क्रमांक १४, ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात: ‘समच्छेद करते, वजाबाकीत मिश्र अपूर्णांक आला की पूर्णांकाचा भाग विसरते.’ दर मुलामागे पाच-सात मिनिटं, दोन संध्याकाळी गेल्या. यादीवरून उतरवलं असतं तर एका तासाचं काम. पण सातवीला हीच नोंद मी वाचणार आहे, तेव्हा माझ्याच उपयोगाची.

‘आवड-छंद’चा रकाना मात्र याही वेळी फसला. ‘चित्रकला, क्रिकेट’.

३१ जानेवारी

पाठ्यपुस्तकातली कोरी पानं पुढच्या शैक्षणिक वर्षापासून (२०२५-२६) बंद. दुरुस्तीची सोय त्यांवर बेतलेली होती. पुढच्या वर्षी दुरेघी वहीचं डावं पान रिकामं ठेवायचं, उजव्या पानावर उदाहरण. वह्या दुप्पट लागतील, पालकांना आधी सांगावं लागेल.

१२ मार्च

शाब्दिक उदाहरणांवर शेऱ्यानं काही होत नव्हतं त्याचं कारण उशिरा सापडलं. मधल्या गठ्ठ्यातल्या मुलांना एकेकट्यानं उदाहरण मोठ्यानं वाचायला लावलं. ‘एका पिंपात साडेबारा लिटर तेल होते, त्यातील पावणेतीन लिटर विकले, तर किती उरले?’ बरीच मुलं ‘पावणेतीन’ला अडतात. काहींना ते ३.७५ वाटतं, काहींना ३.२५. घरी पाव, निम्मं, पाऊण रोज ऐकतात, पण ते आकड्यात लिहिलेलं कधी बघितलेलं नाही. अडचण वाचनाची आणि त्या शब्दांची होती. वजाबाकीपर्यंत ती पोचतच नव्हती. मी मात्र शेरे वजाबाकीवर लिहीत होतो.

मराठीच्या मॅडमबरोबर ठरवलंय: आठवड्यातून एकदा त्यांच्या तासिकेत गणिताची तीन उदाहरणं फक्त वाचायची, सोडवायची नाहीत. काय दिलंय, काय विचारलंय, एवढं आपल्या शब्दांत सांगायचं. सव्वा, दीड, अडीच, पावणे यांचा तक्ता भिंतीवर लावला, ३० रुपये. परवा चिठ्ठीवर पिंपाचंच उदाहरण टाकलं. तीन गठ्ठे अजून जवळजवळ सारखेच आहेत, पण मधल्या गठ्ठ्यात १२.५ - २.७५ असं लिहिलेल्या चिठ्ठ्या पहिल्यांदाच दिसल्या. त्यातल्या निम्म्यांनी दशांश चिन्ह न बघता संख्या पुन्हा उजवीकडून लावल्यात. उद्याची सुरुवात शंभर चौकटींच्या कागदानं.